साडेसत्तावीस मिलिमीटरची पोकळी

डॅनी बॉयलचा ‘२८ इयर्स लेटर’ हा सिनेमा आयफोनवर शूट झाला, ही बातमी जून २०२५ पासून इतकी फिरली की आमच्या भंडाऱ्यातल्या लग्नाच्या शूटिंगवाल्या पोरांचीही ती स्टेटसला लावून झाली. प्रतिक्रिया सगळीकडे एकच : फोन तर आपल्याही खिशात आहे, मग अडलंय कुठं?

अडलंय ते बातमीतून गळलेल्या अर्ध्या ओळीत. सेटवरची छायाचित्रं नीट पाहा. त्यात फोन शोधावा लागतो. तो धातूच्या पिंजऱ्यात कसलेला आहे, पुढे मनगटाएवढी जाड लेन्स आहे आणि दोघांच्या मध्ये एक नळकांडं आहे. त्याला म्हणायचं ॲडॉप्टर. कौतुक फोनच्या वाट्याला गेलं. नळकांड्याचं नाव कुणी घेतलं नाही, म्हणून हा लेख त्याच्यावर.

दिवाळी सरली की आमच्या झाडीपट्टी मुलखात नाटकं आणि बैलांचे शंकरपट सुरू होतात, मागोमाग लग्नं येतात आणि प्रत्येक गिऱ्हाईक शूटिंगवाल्याला एकच सांगतं : मागचं ब्लर पाहिजे. हा ब्लर सॉफ्टवेअरनं मारता येतो, पण नवरीच्या बटा आणि मुंडावळ्यांच्या कडा त्यात कातरल्यासारख्या दिसतात. खरा ब्लर येतो लेन्सच्या छिद्रातून. छिद्र रुंद, तर मागचं धूसर. ५० मिलिमीटरची जुनी लेन्स एफ-२ वर उघडली की तिचं छिद्र २५ मिलिमीटर होतं, जुन्या रुपयाच्या नाण्याएवढं. साध्या व्हिडिओ कॅमेऱ्याची चित्र टिपणारी एक-तृतीयांश इंची चिप मात्र ४.८ बाय ३.६ मिलिमीटरची, म्हणजे मसुराच्या दाण्याएवढी. तेवढ्या चिपवर तेच दृश्य बसवायला लेन्स लागते जेमतेम ७ मिलिमीटरची आणि एफ-२ वर तिचं छिद्र उरतं साडेतीन मिलिमीटर. म्हणून व्हिडिओत नवरीही स्पष्ट, मांडवाचा बांबूही स्पष्ट आणि त्याला टांगलेली पिशवीही स्पष्ट. फोनचं दुखणं हेच.

यावर जगभरच्या हौशी मंडळींनी वीसेक वर्षांपूर्वी जो तोडगा काढला, तो आमच्या पिढीला एका वाक्यात कळेल. गावात तंबूतला सिनेमा यायचा तेव्हा पुढे जागा नसली की आपण पडद्याच्या मागे जाऊन बसायचो. चित्र तिथूनही दिसायचं, फक्त डावं-उजवं उलटं. ॲडॉप्टर म्हणजे हाच तंबू. फोटो कॅमेऱ्याची लेन्स आपलं ३६ बाय २४ मिलिमीटरचं चित्र एका दुधी काचेवर पाडते आणि व्हिडिओ कॅमेरा पडद्यामागच्या प्रेक्षकासारखा त्या काचेचंच शूटिंग करतो. ब्लर लेन्सनं काचेवर आधीच आणलेला असतो. मागच्या कॅमेऱ्यानं तो फक्त टिपायचा.

सांगायला सोपं, करायला छळ. मागचा कॅमेरा इतक्या जवळचं टिपत नाही, म्हणून त्याच्या तोंडावर जवळचं दाखवणारी भिंगं चढवा. चित्र खाली डोकं वर पाय येतं, म्हणून कॅमेराच उलटा धरा नाहीतर प्रिझम बसवा. कडा काळवंडतात आणि मधे उजेडाचा गोळा दिसतो, म्हणून काचेमागे एक फुगीर भिंग घाला. सगळ्यात वाईट म्हणजे काचेचा खरखरीत पोत. नवरीच्या गालावर रवा सांडल्यासारखा तो चित्रात उतरतो. मग लोकांनी काच हलवायला सुरुवात केली. कुणी मोबाईलची व्हायब्रेशनची मोटर तिला चिकटवली. कुणी कोऱ्या सीडींच्या डब्यात वर येणारी पारदर्शक चकती बारीक पावडरीनं घासून दुधी केली आणि जुन्या सीडी प्लेअरच्या मोटरीवर गरागरा फिरवली. पोत हलता राहिला की डोळा तो विसरतो. म्युनिकच्या पी प्लस एस टेक्निक कंपनीनं ‘मिनी ३५’ नावानं हेच यंत्र व्यावसायिकांना विकलं. हौशी लोक ते घरच्या टेबलावर करत होते.

सप्टेंबर २००८ मध्ये कॅननचा ५डी मार्क टू जाहीर झाला, आणि ३६ बाय २४ ची पूर्ण चिपच व्हिडिओ घेऊ लागली. दुधी काचांचे डबे रातोरात माळ्यावर गेले. आता फोनच्या बारक्या चिपमुळे दुखणं परत आलं आणि त्याच्यामागून औषधही. गंमत म्हणजे बॉयल आणि त्याचा छायाचित्रकार अँथनी डॉड मँटल या जोडीनं २००२ चा ‘२८ डेज लेटर’ केला होता कॅनन एक्सएल-१ या मिनी डीव्ही कॅमेऱ्यावर. त्याची चिप, अर्थात, एक-तृतीयांश इंची.

चिपच्या या बारकेपणाचा एका ठिकाणी फायदाही होतो. एक्सएल-१ वर फोटोची लेन्स दुधी काचेविना, सरळ लावली की तिचा पल्ला ७.२ पट वाटतो. ५० मिलिमीटरची लेन्स ३६० मिलिमीटरसारखी वागते. लग्नाच्या मांडवात हे निरुपयोगी, पण नागझिऱ्याच्या पाणवठ्यावर पलीकडच्या काठावरचा खंड्या टिपायचा तर याहून स्वस्त दुर्बीण नाही.

ही काचेविना सरळ जोडणी म्हणजे दुसऱ्या जातीचं ॲडॉप्टर, नुसती पोकळ रिंग. माझा जीव हिच्यात अडकला आहे. आत भिंग नाही, वायर नाही, काही नाही. आहे ते फक्त अंतर.

प्रत्येक कॅमेऱ्याला लेन्स टेकते त्या कडेपासून चिपपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. निकॉनच्या जुन्या एफ माउंटला ४६.५ मिलिमीटर, कॅनन ईएफला ४४, सोनीच्या आरसा नसलेल्या ई माउंटला अवघं १८. आपल्याकडच्या फोटो स्टुडिओंत एके काळी रशियन झेनिट असायचा. त्याची हेलिऑस लेन्स ४२ मिलिमीटर व्यासाच्या, एक मिलिमीटर पिचच्या आट्यांवर बसते आणि तिला ४५.४६ मिलिमीटर लागतात. ती सोनीवर लावायची तर ४५.४६ वजा १८. उत्तर २७.४६. एवढी पोकळी धातूच्या भिंतीत कोंडली की झालं ॲडॉप्टर.

मागच्या हिवाळ्यात मी हे करायला गेलो. बंद पडलेल्या एका स्टुडिओच्या कपाटातली हेलिऑस ४४-२ हाती लागली होती. अडतीस-एकोणचाळीस वर्षं लेथवर उभे असलेल्या एका कारागिरांना मी कागदावर आकृती काढून दिली. सोनीच्या बाजूची तीन कानांची खाच लेथवर निघत नाही, त्याला मिलिंग लागतं. म्हणून तेवढ्यासाठी ऑनलाइन मिळणारी स्वस्त मॅक्रो ट्यूब घेतली आणि तिची पुढची बाजू कापून तिथं ४२ चे आटे पाडलेली रिंग बसवायचं ठरवलं. ट्यूबची उरलेली लांबी मात्र मी मोजली शाळकरी पट्टीनं.

रिंग तयार झाली. घरी येऊन लेन्स चढवली आणि गच्चीवर गेलो. हात लांब केला तर बोटांचे ठसे मोजून घ्यावेत, इतकं लख्ख. शेजारची पाण्याची टाकीही छान. पण गल्लीच्या टोकाचं पिंपळाचं झाड काही केल्या स्पष्ट होईना. लेन्स अनंताच्या खुणेवर जाऊन टेकलेली, आणि झाड कापसासारखं. रिंग अर्धा मिलिमीटर जास्त झाली होती. गणित असं की ५८ मिलिमीटरची लेन्स अर्धा मिलिमीटर पुढे सरकली, तर पावणेसात मीटरच्या पलीकडचं जग तिला कायमचं बंद. चूक एक दशांश मिलिमीटरची, म्हणजे वहीच्या एका पानाएवढी असली, तरी साधारण ३४ मीटरपलीकडचं बिनसतं. आणि लेन्स २८ मिलिमीटरची वाइड असेल, तर तेच एक पान जगाची वेस आठ मीटरच्या आत आणून ठेवतं.

कारागीर माझ्या पट्टीकडे पाहून हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. त्यांनी जॉब पुन्हा चकात धरला. टूल आणि जॉब यांच्या मध्ये कागदाचा कपटा सरकवला, तो अडकेपर्यंत टूल पुढे घेतलं आणि तिथं शून्य धरलं. मी जे पान हिशेबात विसरलो होतो, ते त्यांच्या हिशेबात पहिल्यापासून होतं. फेसिंग करताना त्यांनी रिंग मापापेक्षा मुद्दाम किंचित कमी ठेवली. कमी असलेल्या ठिकाणी पातळ पत्र्याचे शिम भरता येतात, जास्त असलं तर पुन्हा लेथ. शेवटी रात्री चंद्रावर फोकस धरला, शिम जुळवले आणि तीन ग्रब स्क्रू आवळले. आतून फळ्याचा मॅट काळा रंग मारला. तो मारला नाही तर चकाकता धातू आतल्या आत उजेड उडवतो आणि चित्र पांढुरकं पडतं.

आता पितळ. भंडारा म्हणजे पितळेचं शहर, ही ओळख भूगोलाच्या पुस्तकातून डोक्यात बसलेली. आता स्टीलनं घराघरातल्या घागरी-गंगाळं अडगळीत ढकलली आहेत. तेव्हा आमच्या पितळेला कॅमेऱ्यात जागा मिळावी, हा माझा हट्ट होता आणि त्याला आधारही होता. कित्येक चांगल्या लेन्सच्या बुडाची कडी क्रोम चढवलेल्या पितळेची असते. पितळ लेथवर लोण्यासारखं कातरतं, सारखं लावून-काढूनही लवकर झिजत नाही. उन्हाळ्याचीही भीती नको. दहा अंशांवरून पंचेचाळीसवर पारा गेला, तरी आपली रिंग वाढेल ०.०२ मिलिमीटरहून कमी. याउलट हल्ली थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकची ॲडॉप्टर छापायची टूम आहे. ते प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात भंडाऱ्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ते ठेवून बघा, काढताना त्याचं भजं झालेलं असेल.

हट्ट मोडला तराजूनं. साठ मिलिमीटर व्यासाची, साधारण आठ मिलिमीटर जाडीची अख्खी पितळी रिंग तीनशे ग्रॅमच्या घरात जाते. हेलिऑसचं स्वतःचं वजन सव्वादोनशेच्या आसपास. घोड्यापेक्षा खोगीर जड! तीच रिंग ॲल्युमिनियमची केली तर शंभर ग्रॅमच्या आत. मग तोड निघाली ती कंपन्यांचीच : धड ॲल्युमिनियमचं, आणि घासलं जाणारं तोंड तेवढं पितळेचं. भंडाऱ्याच्या वाट्याला एक पातळ कडं आलं. मला ते पुरेसं आहे.

हे सगळं ऐकल्यावर लोक कौतुकानं म्हणतात, वा, काय जुगाड आहे! या शब्दाशी माझं भांडण आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत आलेल्या ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ या सिनेमामुळे हा शब्द पुन्हा चलनात आला. मालेगावच्या हौशी सिनेमावाल्यांनी बैलगाडीची क्रेन केली, सायकलची ट्रॉली केली. ते जुगाड, आणि उत्तम. पण बैलगाडी वीतभर वर-खाली झाली तर शॉट बिघडत नाही. ॲडॉप्टर कागदाच्या जाडीला शिक्षा करतं. त्याला जुगाड म्हणणं म्हणजे कारागिराच्या शून्य धरण्याला नशीब म्हणणं.

आपल्याकडे याचा सगळ्यात मोठा दाखला कोल्हापूरचा. बाबूराव पेंटर आणि आनंदराव पेंटर हे मिस्त्री घराण्यातले, नात्यातले भाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. फाळक्यांनी कॅमेरा विलायतेहून आणला होता. या दोघांकडे तेवढा पैसा नव्हता. त्यांनी मुंबईच्या बाजारातून एक जुना प्रोजेक्टर मिळवला आणि तो उघडून त्याचं आतडं समजून घेतलं, कारण प्रोजेक्टर म्हणजे उलटा चालवलेला कॅमेराच. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून काम पुरं केलं आणि १९१८ च्या सुमारास स्वदेशी कॅमेरा उभा राहिला. त्याच्यावर १९२० चा ‘सैरंध्री’ निघाला. यात काय साधलं होतं, ते मोजून पाहा. मूकपटाच्या काळात हातानं दांडी फिरवताना फिल्म सेकंदाला सोळाच्या आसपास वेळा थांबायची, झाकण उघडायचं, मिटायचं आणि फिल्म बरोबर एका चौकटीनं पुढे जायची. एक दातरा चुकला की पडद्यावर सैरंध्री थरथरणार. आपण हा कॅमेरा ‘देशी करामत’ म्हणून भाषणात वापरतो. माझ्या मते तो मोजमापाचा विजय होता. पुढे ‘प्रभात’ फिल्म कंपनी उभारणाऱ्यांतले दामले ते हेच, आणि ‘प्रभात’च्या तांत्रिक सफाईचं मूळ मला या कॅमेऱ्यात दिसतं. कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. तिकडे गेलात तर सेल्फी काढण्याआधी एक मिनिट थांबा.

आता व्यवहाराचं. हेलिऑस ते सोनी अशी रिंग ऑनलाइन हजार रुपयांच्या आत तयार मिळते. तेवढीच हवी असेल तर खुशाल विकत घ्या, लेथवाल्याचा वेळ खाऊ नका. दुधी काचेच्या फंदात हौस असल्याशिवाय पडू नका. ती उजेड खाते, आणि झाडीपट्टीच्या रात्रीच्या नाटकात उजेड आधीच तोलून-मापून असतो. नव्या, विजेवर छिद्र उघडणाऱ्या लेन्सला साधी रिंग लावू नका, छिद्र तुमच्या हाती राहत नाही. हेलिऑस ४४-२ चं छिद्र हातानं फिरतं, म्हणूनच ती बरी.

घरची रिंग लागते ती बाजारात जोडी नसलेल्या लेन्सला. बंद पडलेल्या टॉकीजच्या प्रोजेक्टरची लेन्स, स्टुडिओच्या एन्लार्जरची, जुन्या स्लाइड यंत्राची. अशा लेन्स भंडारा, तुमसर, पवनी, साकोलीच्या माळ्यांवर असतील आणि एक दिवस किलोच्या भावानं जातील. तुमच्याकडे असल्या तर आधी बाहेर काढा. आत बुरशीचं जाळं आहे का, ते टॉर्च मारून बघा आणि कोरड्या डब्यात ठेवा. मग लेथवाल्याकडे जा. जाताना पट्टी घरी ठेवा, वर्निअर घेऊन जा.