फेणेचा ‘ट्टॉक’ पडद्यावर येतो तेव्हा

भा. रा. भागवतांचा बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे हा फुरसुंगीचा, पुण्यात शिकायला आलेला हडकुळा पोरगा. सायकल दामटणारा, चौकस, संकट दिसलं की त्याच्याच दिशेने धावणारा. मराठी मुलांच्या पिढ्यांनी तो पुस्तकात वाचला आणि प्रत्येकाने मनात त्याचा चेहराही ठरवून टाकला. त्याला पडद्यावर आणायचं म्हणजे या हजारो चेहऱ्यांशी सामना करायचा.

शिवाय काही सुचलं की फेणे काढतो तो ‘ट्टॉक’! पुस्तकात ती केवळ अक्षरं असतात, आवाज वाचकाने आपल्या मनाने काढायचा असतो. नटाला मात्र तो खरोखर काढावा लागतो, आणि तोही योग्य क्षणी. जरा उशीर झाला तर डोक्यात काहीतरी लख्खकन चमकल्याची गंमत जाते. तो उगाच वारंवार काढला तर नुसती लकब उरते.

१९८०च्या दशकात दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवन फेणे झाला, तेव्हा तो स्वतःही कोवळ्या वयाचा होता. २०१७च्या आदित्य सरपोतदार दिग्दर्शित चित्रपटात अमेय वाघ आला आणि फेणे एकदम तरुण झाला. वैद्यकीय प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात आलेला हा बनेश एका विद्यार्थ्याच्या मृत्यूमागचं गूढ शोधू लागतो.

वय वाढवणं हा मोठा धोका होता. फेणेचं धाडस उठून दिसतं ते तो लहान असतो म्हणून. मोठ्यांना न दिसलेलं त्याला दिसतं. पटकथाकार क्षितिज पटवर्धन यांनी गोष्टीत भूभू नावाचा चुणचुणीत पोरगा आणला, त्यामुळे फेणेतला हरवलेला शाळकरीपणा थोडा तरी परत मिळाला. गिरीश कुलकर्णींनी साकारलेला थंड डोक्याचा खलनायक अप्पा समोर उभा राहिल्यावर या पोरसवदा तरुणाचं धाडस खरंच जोखमीचं वाटू लागतं.

पण सर्वांत सुंदर निर्णय वेगळाच होता. बनेश पुण्यात राहतो तो चक्क भा. रा. भागवतांच्या घरी! लेखकच आपल्या नायकाचा यजमान. ही भूमिका दिलीप प्रभावळकरांनी केली. पुस्तकातल्या पात्राला चेहरा देणं त्यांना नवं नव्हतं. मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशींच्या चिमणरावाला चेहरा दिला तो त्यांनीच, बाळ कर्वेंच्या गुंड्याभाऊसोबत. त्याआधी, १९४०च्या ‘लग्न पहावे करून’मध्ये, दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले होते. तरी टीव्हीसमोर बसून वाढलेल्या पिढीला चिमणराव म्हटलं की प्रभावळकरच आठवतात.