चेक परत आला: कोर्ट तुमच्यासाठी काय करतं आणि काय करत नाही

उधारीच्या व्हिडिओत वेळेअभावी कोर्टाचा भाग राहून गेला होता, तो इथे लिहितोय. प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच, "सर, चेक बाऊन्स झाला, पोलीस स्टेशनला जाऊ का?" नाही. उधारी वसूल करणं पोलिसांचं काम नाही. चेकची फिर्याद लेखी असते आणि ती थेट प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात द्यायची असते. नुसत्या बिलाच्या पैशांसाठी दिवाणी दावा लावायचा. तालुक्याला बहुतेक वेळा ही दोन्ही कामं एकच न्यायाधीश बघतात, पण रस्ते वेगळे आणि मुदतीही वेगळ्या.

या मुदतीवरच मी स्वतः आपटलोय. माझं मोटारपंप आणि पाइपचं दुकान. एका गिऱ्हाईकाने ६८ हजारांचा चेक दिला, तो परत आला. फोन केला की "दोन दिवसांत टाकतो भाऊ." मी थांबलो. वकिलांकडे गेलो तो ४७ वा दिवस होता. त्यांनी माझी सगळी कहाणी ऐकलीच नाही, फक्त बँकेच्या मेमोची तारीख विचारली. चेक परत आल्याचं बँकेने कळवलं की ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. ती मिळाल्यापासून समोरच्याला १५ दिवस. त्यात पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात फिर्याद. चेकची तीन महिन्यांची मुदत शिल्लक असती तर तो पुन्हा बँकेत टाकून नव्याने नोटीस देता आली असती. माझी तीही चार दिवसांपूर्वी संपली होती.

मी म्हटलं, "पण साहेब, माल तर त्याने नेलाय ना!" वकील म्हणाले, हे तुम्हाला माहीत आहे, कोर्टाला नाही.

न्यायाधीश पुरावा शोधायला तुमच्या दुकानात येत नाहीत. तुम्ही काय मांडलं, समोरच्याने काय मांडलं, आणि कायदा काय म्हणतो, एवढ्यावरच त्यांना ठरवायचं असतं. समोरच्याचं ऐकल्याशिवाय त्यांना निकाल देता येत नाही, म्हणून तारखा पडतात. (सगळ्याच तारखा त्यामुळे पडतात असं नाही, पण तो वेगळा विषय.) चेकच्या बाबतीत कायद्याने तुम्हाला एक मोठा आधार दिलाय. सही मान्य असेल तर चेक देण्यापोटीच दिला होता असं कोर्ट धरून चालतं, आणि तसं नव्हतं हे समोरच्याने दाखवायचं. गुन्हा शाबीत झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१८ च्या दुरुस्तीनंतर खटला चालू असतानाच चेकच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाईही कोर्ट देऊ शकतं. देऊ शकतं, देईलच असं नाही. तो न्यायाधीशांचा अधिकार आहे.

आता आपल्या जिल्ह्याची खास अडचण. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. आपली मिरची तिकडे जाते, सुरतचं कापड इकडे येतं. मग चेक सुरतच्या बँकेचा आणि तुमचं खातं नंदुरबारला असेल, तर फिर्याद कुठे द्यायची?

१ ऑगस्ट २०१४ ला सुप्रीम कोर्टाने 'दशरथ रूपसिंह राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या खटल्यात सांगितलं की चेक ज्या बँकेवर काढला आणि जिथे तो नाकारला गेला, तिथल्याच कोर्टात फिर्याद चालेल. म्हणजे ४० हजारांसाठी तुम्ही दर तारखेला सुरतच्या गाडीत! सुप्रीम कोर्टाने लावलेला कायद्याचा अर्थ देशातल्या सगळ्या कोर्टांवर बंधनकारक असतो, त्यामुळे आपल्या न्यायाधीशांना पटो न पटो, तो पाळावाच लागला. पण कोर्ट कायद्याचा अर्थ लावतं, कायदा करते ती संसद. संसदेने कायदाच बदलला, आणि १५ जून २०१५ पासून तुम्ही चेक तुमच्या खात्यात भरला असेल, तर तुमचं खातं असलेल्या शाखेच्या हद्दीतल्या कोर्टात फिर्याद होते. म्हणून चालू खातं आपल्या गावच्या शाखेत ठेवा. मामाच्या ओळखीने सुरतला उघडू नका.

निकाल पटला नाही तर नंदुरबारच्या जिल्हा व सत्र न्यायालयात अपील, आणि त्यावर मुंबई उच्च न्यायालयाचं छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. पण अपिलात सहसा नवे कागद चालत नाहीत, खाली जे दाखल केलं त्यावरच तपासणी होते. त्यामुळे सही घेतलेलं चलन पहिल्याच कोर्टात पाहिजे.

दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. ती संपण्याआधी देणेकऱ्याने बाकी मान्य करून सही दिली, तर त्या दिवसापासून ती नव्याने मोजली जाते. दिवाळीला वहीवर सही घ्यायची आपल्या आजोबांची पद्धत उगाच नव्हती. आणि हुकूमनामा मिळाला म्हणजे पैसे गल्ल्यात आले असं नाही. समोरच्याने दिले नाहीत तर दरखास्त लावावी लागते, मग जप्तीबिप्ती पुढे.

माझं प्रकरण शेवटी लोक अदालतीत ४५ हजारांवर मिटलं. चलनावर त्याची सही नव्हती, त्यामुळे मी फार ताणलं नाही. लोक अदालतीत न्यायाधीश निकाल लादत नाहीत, दोघांची तडजोड लिहून घेतात. तिला हुकूमनाम्याचंच बळ असतं, त्यावर अपील नसतं, आणि चालू दावा मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते.

वकिलाच्या फीला घाबरून बसला असाल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज द्या. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. अक्कलकुवा, धडगावकडून बॅचला येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं. जाताना चेक, बँकेचा मेमो, बिल आणि चलन सोबत घ्या. आणि मेमोला किती दिवस झाले ते आधी मोजा.