घास उतरत नसेल तेव्हा

नागपूरहून यवतमाळला जाताना कळंब लागतं. बाहेरचे लोक चिंतामणीचं दर्शन घेतात आणि पुढे निघतात. गावाभोवती कपाशी, सोयाबीन, मधूनमधून तुरीचे तास. यातली तूर तेवढी घरच्या ताटात येते. बाकी सगळं बाजारात जातं. ज्वारी आणि जवस वावरातून मागे हटले, तसे ताटातूनही. राशनवर मुख्यतः गहू-तांदूळ. कापूस वेचायला पहाटे निघणारी बाई पुष्कळदा कोऱ्या चहावरच निघते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकरी आत्महत्यांच्या चर्चेत कर्ज आलं, भाव आला, पाऊस आला. मनाचं नाव उशिरा निघालं, जेवणाचं क्वचितच. कर्जावर पालेभाजीचा उतारा नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरीही ताटाचा आणि मनाचा संबंध थोतांड नाही.

ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका आणि सहकाऱ्यांनी नैराश्य असलेल्या, आहार निकस असलेल्या ६७ प्रौढांवर केलेला प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला आहारतज्ज्ञाचं मार्गदर्शन मिळालं, दुसऱ्याला फक्त गप्पांची सोबत. १२ आठवड्यांनी पहिल्या गटातल्या ३२ टक्के लोकांची लक्षणं जवळजवळ ओसरली होती, दुसऱ्यातल्या ८ टक्क्यांची. प्रयोग लहान होता, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे लोकांना ठाऊक होतं. तेव्हा आकडे जपूनच वापरावेत. शिवाय ज्यांची औषधं चालू होती, त्यांची ती बंद केलेली नव्हती.

त्या आहारात होतं काय? अखंड धान्यं, कडधान्यं, भाज्या, फळं, सुकामेवा, मासे, ऑलिव्हचं तेल. तेल आणि मासे सोडले तर ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी आणि जवसाची चटणी या यादीपासून फार लांब नाहीत. म्हणून भाकरीला औषध म्हणायची घाई मात्र नको.

मोबाइलवर फिरणारं एक वाक्य अर्धवट आहे: आनंदाचं रसायन पोटात तयार होतं. सेरोटोनिन बहुतांश आतड्यात बनतं हे खरं, पण तिथलं सेरोटोनिन मेंदूत शिरत नाही. पोट आणि मेंदूचं नातं इतर वाटांनी चालतं. चोथ्यावर जगणारे आतड्यातले जिवाणू जे पदार्थ बनवतात, ते शरीरातला दाह आटोक्यात ठेवायला मदत करतात, ही त्यातली एक वाट. दुसरी सरळ कमतरतेची. बी-१२ कमी पडलं की थकवा येतो, विसरायला होतं, उदासही वाटतं. आणि ते भाजी-भाकरीत नसतंच. दूध, दही, अंडी, मटण, मासे यांतून ते मिळतं. लोह कमी पडलं तरी थकवा येतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अशा बाईचा सततचा थकवा नेहमी ‘टेन्शन’च असतो असं नाही, आधी रक्त तपासून घ्यावं.

आता उलटी बाजू, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. मन बिघडलं की पहिला फटका अनेकदा जेवणालाच बसतो. नैराश्य ओळखण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या नऊ प्रश्नांच्या चाचणीत एक प्रश्न भुकेचाच आहे: गेल्या दोन आठवड्यांत भूक मंदावली का, की खाणं अती झालं? घरात हे सर्वांत आधी वाढणारीच्या ध्यानात येतं. दोन भाकरी खाणारा माणूस अर्ध्यावर उठतो, ‘इच्छा नाही’ म्हणतो. तिथे ‘नीट जेवत जा’ एवढं बोलून भागत नाही. झोप कशी आहे, सावकाराचा की बँकेचा तगादा आहे, हे त्याला बसून विचारावं लागतं. सरकारचा ‘प्रेरणा’ प्रकल्प विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत याच कामासाठी सुरू झाला. गावातल्या आशाताईंना सांगितलं तरी वाट सापडते. मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेली-मानस’ मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांकही मोफत आहे, आणि मराठीत बोलता येतं.