नगरच्या किल्ल्यातली न पाठवलेली पत्रं

१९४२ साल नगरकरांना तोंडपाठ असतं ते ऑगस्टामुळे. 'छोडो भारत'चा ठराव झाला आणि काँग्रेस कार्यकारिणीतल्या पुढाऱ्यांना मुंबईहून आणून इथल्या किल्ल्यात कोंडलं. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत तिकडे ब्राझीलमधल्या पेट्रोपोलिस गावी ऑस्ट्रियन लेखक स्टीफन झ्वाइगने बायकोसह आत्महत्या केली. त्याची बुद्धिबळावरची लघुकादंबरी त्याच्यामागे, वर्षअखेरीस छापून आली. तिच्यातला डॉक्टर बी. हा नाझींचा कैदी. हॉटेलच्या खोलीत एकटा, जवळ कागद नाही, पुस्तक नाही. चौकशीला नेलं असताना तो एका ओव्हरकोटाच्या खिशातून पुस्तक लांबवतो. गटे किंवा होमर निघेल म्हणून हरखतो आणि हाती येतात बुद्धिबळाचे दीडशे डाव. पुढे तेच डाव त्याला वेडाच्या काठावर नेतात.

या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध काही नाही. पण युरोपातल्या छोट्या कादंबऱ्या माणसाला इतक्या का झोंबतात, याचा विचार करताना मला नगरचा किल्ला आठवतो.

या कादंबऱ्यांची मांडणी पाहा. एक बोलणारा, एक ऐकणारा, आणि दोघांनाही उठून जायची सोय नाही. टॉलस्टॉयच्या 'क्रॉयट्झर सोनाटा'त (१८८९) बायकोचा खून केलेला माणूस रात्रभर आगगाडीच्या डब्यात अनोळखी प्रवाशाला सगळं सांगतो, मधून मधून कडक चहा पीत. झ्वाइगच्या 'अमोक'मध्ये (१९२२) कलकत्त्याहून निघालेल्या बोटीच्या अंधाऱ्या डेकवर एक डॉक्टर बोलत राहतो. तुर्गेनेव्हच्या 'पहिलं प्रेम'मध्ये (१८६०) चाळिशीचा माणूस तोंडाने सांगायचं नाकारतो आणि वहीत लिहून आणतो. लघुकादंबरी म्हणजे घडून गेलेली एक अपूर्व घटना, असं गटे १८२७ साली एकरमानला म्हणाला होता. एकच घटना, तिला फाटे, उपकथानकं काही नाहीत.

आणि या कादंबऱ्यांची उत्कटता आरडाओरड्यातून येत नाही. झ्वाइगच्याच 'एका स्त्रीच्या आयुष्यातले चोवीस तास'मधली (१९२७) मिसेस सी. माँटे कार्लोच्या जुगाराच्या टेबलाशी बसलेल्या तरुणाचा चेहरा आधी पाहतच नाही. तिला त्याचे हात दिसतात. एकमेकांत गुंतलेले, ताणलेले, मग एकदम गळून पडलेले. सांगताना ती सदुसष्ट वर्षांची आहे आणि घटना घडली तेव्हा होती बेचाळीसची. पंचवीस वर्षं तिने हे कुणाजवळ काढलेलं नाही.

नगरला असलं काही परकं वाटायचं कारण नव्हतं. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून तुटल्या. पुढे त्या नगरला आल्या, पण चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं कायम. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. मधल्या पाच वर्षांतला तो राग, ओढ आणि हट्ट 'स्मृतिचित्रे'त आहे. १९३४ पासून भागाभागाने निघालेलं हे पुस्तक आपण विनोदासाठी वाचतो, आणि विनोद आहेच. पण नवऱ्यावर जीव आहे नि त्याच्या हातचं पाणी चालत नाही, हा पेच तुर्गेनेव्हलासुद्धा सुचला नसता.

खुद्द युरोपीय माणसं इथे आली तीही कोंडलेलीच. पहिल्या महायुद्धात नगरला जर्मन-ऑस्ट्रियन नागरिकांची छावणी होती. १९१७ मध्ये रेडक्रॉसचे स्विस प्रतिनिधी तिची पाहणी करून गेले. १९३९ च्या सप्टेंबरात पुन्हा तारा ठोकल्या गेल्या. गिर्यारोहक हाइनरिश हारर आधी नगरला, मग देवळालीला, मग डेहराडूनला. या खेपेला हिटलरपासून जीव वाचवून आलेले ज्यूही 'शत्रूचे नागरिक' म्हणून आत घेतले. ज्या झ्वाइगची पुस्तकं नाझींनी १९३३ साली जाळली, त्याच्याच भाषेची ही माणसं.

आता आझाद. किल्ल्यात असताना मौलाना अबुल कलाम आझादांनी आपले स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानींना पत्रं लिहिली. ती पाठवायची सोय नव्हती. सुटकेनंतर १९४६ साली 'ग़ुबार-ए-ख़ातिर' नावाने त्यांचं पुस्तक झालं. पहाटेचा चिनी चहा, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्या, अंगणातली फुलझाडं, असं बरंच त्यात आहे. ११ एप्रिल १९४३ चं पत्र मात्र त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम यांच्याबद्दल आहे. दोनच दिवसांपूर्वी त्या कलकत्त्यात वारल्या होत्या.

त्याआधी, बेगमांचा आजार बळावल्याचं कळल्यावर तुरुंगाच्या सुपरिंटेंडंटने विचारलं, सरकारला काही कळवायचं असेल तर लगेच कळवतो. आझादांनी नकार दिला. मग जवाहरलाल येऊन बराच वेळ बोलले. त्यांनाही तेच उत्तर. रोजचा दिनक्रम एका मिनिटाने हलू द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. दुपारी जेलर वर्तमानपत्र घेऊन येई. त्याच्या बुटांचा आवाज ऐकला की काळजात धडधड सुरू होई, आजच्या अंकात काय असेल म्हणून. आझादांची बैठक दाराकडे पाठ करून. जेलर समोर येई तेव्हा ते नेहमीसारखे हसून टेबलाकडे बोट दाखवत आणि लिहीत राहत, जणू घाई कसलीच नाही. आणि पुढे ते स्वतःच कबूल करतात की हा सगळा देखावा होता. आपली अधीरता कुणाला दिसू नये म्हणून अहंकाराने वठवलेला.

मिसेस सी.ला दिसलेले ते हात आणि टेबलाकडे दाखवलेलं हे बोट, यांत मला फार अंतर वाटत नाही. पत्राच्या शेवटी किल्ल्याच्या आवारातली कुणा अनामिकाची जुनी कबर येते. रोज पाहिलेली, पण त्या संध्याकाळी ती पाहताना मौलानांना तिच्याबद्दल नवाच जिव्हाळा वाटतो.

मराठीत लघुकादंबरीच्या आकाराला जागा दिली ती दिवाळी अंकांनी. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने पाडलेल्या प्रथेमुळे शंभरेक पानांचा मजकूर एका बैठकीत वाचायची सवय लागली. गौरी देशपांडे यांच्या 'एक पान गळावया'तल्या (१९८०) दीर्घकथा याच मापाच्या. त्यातल्या एकीचं नावच 'कारावासातून पत्रे'. नगर जिल्ह्यात श्रीरामपूरहून सुमती लांडे यांचा 'शब्दालय' हा दिवाळी अंक निघतो. संगमनेरला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या रंगनाथ पठारे यांनी मात्र 'ताम्रपट'सारखा ऐसपैस पट पसंत केला आणि त्याला १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तक्रार पठारेंबद्दल नाही. तक्रार ही की जाड कादंबरी म्हणजे भारदस्त, हे आपण फार लवकर मान्य केलं, आणि लघुकादंबरीकडे मोठीच्या आधीची तालीम म्हणून पाहत राहिलो.

किल्ला अजून लष्कराच्या ताब्यात आहे. पाहायला जाणारे नेहरूंची खोली बघतात, कारण 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' १९४४ मध्ये तिथे लिहिलं गेलं. ते योग्यच आहे. पण जायच्या आधी आझादांचं ते पत्र वाचावं आणि झ्वाइग त्यानंतर हाती घ्यावा. उलट क्रमाने वाचलं, तर पत्र कादंबरीसारखं वाटू लागतं, आणि मौलानांनी त्या दुपारी काय काय आवरून धरलं होतं याचा नीट अंदाज येत नाही.