बंगळूरच्या फुटपाथवर फोन पडतो तेव्हा

तुमच्या घरी टीव्हीच्या रिमोटवर प्लास्टिकची पिशवी चढवलेली आहे का? मिक्सरवर आईने शिवलेली खोळ, नव्या सोफ्यावर जुनी चादर, मुलांच्या वह्यांना तपकिरी कागद? आपण वस्तू झाकून वापरणारी माणसं. त्यामुळे नवा फोन घेतला की दुकानदाराने विचारायच्या आत आपणच म्हणतो, "एक कव्हर पण दाखवा."

मीही तेच केलं होतं. सहा-सात महिन्यांनी व्हाइटफील्डला नोकरी करणारा भाचा जेवायला आला आणि माझा फोन उलटसुलट करून म्हणाला, "मावशी, या निळ्या रंगासाठी तू दोन दुकानं हिंडलीस ना? मग तो दिसतोय कुठे?" प्रश्न बरोबर होता. निळा फोन मी विकत घेतला होता आणि रोज बघत होते ते पिवळं पडलेलं प्लास्टिक. (पारदर्शक कव्हरं पिवळी पडतात ती ऊन आणि उष्णतेने. साबणाने कितीही घासा, तो मळ नसतोच.)

कव्हर काढलं. फोन एकदम हलका, पातळ लागला. तीन महिने तसाच वापरला. एकदा तो सोफ्यावरून सतरंजीवर घसरला, एकदा स्वयंपाकघरात पायपुसण्यावर पडला. दोन्ही वेळा काही झालं नाही. कव्हर म्हणजे आपला उगाच भित्रेपणा, असं मी एक-दोघींना ऐकवलंसुद्धा.

तिसऱ्यांदा तो मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसवर पडला. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हाताने फुलवालीचा क्यूआर कोड स्कॅन करत होते. "मेडम, फोन बित्तु!" म्हणजे फोन पडला, हे मला कळायच्या आत फुलवालीलाच कळलं. उचलला तर एका कोपऱ्यापासून निघालेली भेग तिरकी वरपर्यंत गेलेली. उंची किती? कमरेच्या थोडी वर, एवढीच.

मग घरी दोनदा वाचलेला फोन इथेच का फुटला? उत्तर पायाखाली होतं. बंगळूर शहर ग्रॅनाइटसारख्या खडकावर वसलंय. लालबागेत जो उघडा खडक आहे, ज्याच्यावर केंपेगौडांचा बुरूज उभा आहे, तो साधारण तीन अब्ज वर्षं जुना. भूशास्त्रज्ञ त्याला पेनिन्सुलर नाइस म्हणतात. याच जातीच्या दगडाच्या सपाट फरश्या, कानडीत 'चप्पडी कल्लू', या गावाने पिढ्यान्‌पिढ्या कुंपणाला, पायऱ्यांना आणि गटारांवर झाकण म्हणून वापरल्या. आपण ज्याला फुटपाथ म्हणतो, तो अनेक ठिकाणी असाच दगड.

आता थोडं शाळेतलं विज्ञान. खनिजांचा कठीणपणा मोजायला मोस नावाच्या शास्त्रज्ञाने 1812 मध्ये 1 ते 10 अशी पट्टी केली. फोनची काच त्यावर साधारण 6 च्या आसपास येते. घराच्या किल्ल्या त्याखाली. म्हणून पर्समध्ये किल्ल्यांबरोबर फोन ठेवला की ओरखडे पडतात, हा समज बहुतेक वेळा चुकीचा असतो. ओरखडे पाडते ती पर्सच्या तळाशी जमलेली रेती. कारण रेतीतलं क्वार्ट्झ 7 वर आहे. ग्रॅनाइटमध्येही हेच क्वार्ट्झ. आणि बंगळूरमध्ये नदीच्या वाळूऐवजी खडक भरडून केलेली 'एम-सँड' बांधकामावर सर्रास वापरतात. मेट्रोचं काम चाललेल्या रस्त्यावरून रोज जात असाल, तर ती धूळ तुमच्या खिशात आहेच. पुण्यात आमच्या जुन्या घरात शहाबादी फरशी होती. तो चुनखडक, काचेपेक्षा मऊ. तिच्यावर फोन फुटणारच नाही असं नाही, पण तिचा खडबडीतपणा काचेत शिरत नाही. गाव बदललं की फोनचं नशीब बदलतं ते असं.

फोनची काच साधी नसते. ती वितळलेल्या पोटॅशियमच्या क्षारात बुडवतात. काचेच्या पृष्ठभागातले सोडियमचे छोटे कण बाहेर पडतात, त्यांच्या जागी पोटॅशियमचे मोठे कण दाटीवाटीने बसतात. लोकलच्या तिसऱ्या सीटवर चौथा बसल्यासारखं. या दाटीमुळे पृष्ठभाग घट्ट दाबलेला राहतो आणि भेग सुरू व्हायलाच अडचण येते. पण दगडाचं एखादं टोक या दाबलेल्या थरातून आत घुसलं, की संपलं. काच बनवणाऱ्या कॉर्निंगने 2022 मध्ये गोरिला ग्लास व्हिक्टस 2 आणली, तेव्हा डांबरासारख्या पृष्ठभागावर दोन मीटरवरून आणि काँक्रीटसारख्या पृष्ठभागावर एक मीटरवरून टिकते असं सांगितलं. म्हणजे जमीन बदलली की उंची निम्मी, हे कंपनीच मान्य करते.

कव्हर इथे नेमकं काय करतं? दोनशे ग्रॅमचा फोन एक मीटरवरून पडला आणि एका मिलिमीटरमध्ये थांबला, तर त्या क्षणी त्याच्यावर त्याच्या वजनाच्या सरासरी हजारपट जोर येतो. दोनशे किलो! तोच जर मऊ कोपरा दबून तीन मिलिमीटरमध्ये थांबला, तर जोर एक तृतीयांश. बस, कव्हरची सगळी जादू या दोन मिलिमीटरांत आहे. फोन बहुधा कोपऱ्यावर आपटतो आणि तिथे हा सगळा जोर टिचभर जागेत उतरतो. म्हणून कव्हरची पाठ कितीही जाड असली तरी कोपरे पातळ असतील तर उपयोग थोडाच. दुसरं महत्त्वाचं म्हणजे काठ. स्क्रीनच्या आणि कॅमेऱ्याच्या पातळीपेक्षा काठ थोडा उंच हवा, म्हणजे फोन तोंडावर पडला तरी काच दगडाला टेकत नाही. लखलखती नक्षी, हिरे, मागचं अंगठीसारखं कडं, हे सगळं हौसेचं. हौस असावी, पण तिला संरक्षण समजू नये.

हे मला कुणी शिकवलं असेल तर आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या अक्कांच्या मुलाने. तो स्कूटरवरून घरोघरी जेवण पोचवतो. त्याचा फोन बारा हजारांचा, हप्त्यांवर घेतलेला. फोनला कव्हर होतं. रस्त्यावर विकतात तसलं पातळ, पारदर्शक, काठ फोनच्या बरोबरीने सपाट. एका सोसायटीच्या गेटपाशी फोन हातातून सुटला, दगडी पायरीवर तोंडावर पडला आणि स्क्रीनचा खालचा अर्धा भाग स्पर्शाला दाद देईना. ऑर्डर स्वीकारायचं बटण नेमकं खालीच. डिस्प्लेला चार हजार सांगितले. पैसे जमेपर्यंत चार दिवस गेले. त्या चार दिवसांत त्याने आईचा फोन वापरला, त्यामुळे अक्कांना महिन्याचे पैसे मी रोख दिले आणि गावी पैसे पाठवायचं त्यांचं राहून गेलं. माझा फोन फुटला तेव्हा मला फक्त वाईट वाटलं होतं.

बाजारात गंमत उलटी आहे. चांगली, कोपऱ्यांना हवा भरलेली, उंच काठांची कव्हरं महागड्या फोनसाठी मुबलक मिळतात. ज्यांचे मालक बहुधा गाडीतून ऑफिसात आणि ऑफिसातून गालिच्यावर जातात, त्यांचे ते फोन! दहा-बारा हजारांच्या मॉडेलसाठी विचारलं, तर दुकानदार पातळ प्लास्टिकचा गठ्ठा पुढे टाकतो. म्हणून फोनच्या किमतीवरून कव्हर ठरवू नका. तुमचा दिवस कुठल्या जमिनीवर जातो आणि फोन चार दिवस बंद पडला तर घरात काय काय अडेल, हे बघा. घरूनच काम असेल, फोन टेबलावर पडून राहत असेल, फुटला तर लगेच दुरुस्त करणं परवडत असेल, तर खुशाल कव्हराशिवाय वापरा. सुंदर वस्तू सुंदर दिसावी, यात चूक काहीच नाही.

कव्हर लावणाऱ्यांनी मात्र दोन-तीन गोष्टी सांभाळायला हव्यात. चार्जिंगला लावलेला फोन गरम झाला तर कव्हर काढून ठेवा. उष्णतेने बॅटरीची ताकद हळूहळू कमी होते, आणि कव्हर म्हणजे गरम फोनला पांघरूण. ॲपल तर आपले फोन 35 अंशांपर्यंतच्याच हवेत वापरा असं सांगतं; एप्रिलमध्ये बंगळूरचा पारासुद्धा त्याच्या वर जातो. नागपूरकरांनी काय करावं, हा वेगळा लेख होईल. आठ-पंधरा दिवसांनी कव्हर काढून फोनची पाठ मऊ फडक्याने पुसा. आत शिरलेली बारीक धूळ तिथेच घासत राहते. मेट्रोचं किंवा बँकेचं कार्ड कव्हरच्या मागे खोचायची सवय असेल, तर वायरशिवाय चार्ज करताना ते आठवणीने काढा.

आणि फोन मोटरसायकलच्या हँडलवर लावत असाल, तर तिथे कव्हरच्या भरवशावर राहू नका. 2021 मध्ये ॲपलनेच सावध केलं होतं की मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्याची चित्र स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. स्कूटरची कंपनं कमी, पण तिथेही धक्के शोषणारा होल्डर वापरावा असा त्यांचा सल्ला आहे.

डिस्प्ले बदलून झाल्यावर अक्कांच्या मुलाबरोबर मी मॅजेस्टिकजवळच्या बाजारात गेले. तिसऱ्या दुकानात त्याच्या मॉडेलचं जाड कोपऱ्यांचं कव्हर सापडलं. एकशे ऐंशी रुपये. त्याने ते फोनला चढवलं, फोन काउंटरच्या काचेवर पालथा ठेवला आणि खिशातून मेट्रोचं कार्ड काढून स्क्रीनखालून अलगद सरकवून बघितलं. कार्ड या बाजूने आत गेलं, त्या बाजूने बाहेर आलं, कुठे अडलं नाही. दुकानदार आधी हसला. मग त्याने मागच्या फळीवरची आणखी दोन कव्हरं काढली, स्वतःच्या फोनवर चढवली आणि "ते कार्ड जरा इकडे द्या" म्हणाला.