‘अंग दुखते’ : एका वाक्याचा अर्थ व औषधाची निवड

मराठीत दुखण्याची क्रियापदे विपुल आहेत. दाढ ठणकते, गळू ठसठसते, काटा सलतो, जखम चुरचुरते. सर्वांगात मुरलेल्या दुखण्यास मात्र बहुधा ‘अंग दुखते’ एवढेच म्हटले जाते. ताप असो वा श्रम, वाक्य तेच. फायब्रोमायल्जिया या विकाराची अडचण येथूनच सुरू होते.

या विकाराचे निदान करणारी रक्तपरीक्षा नाही. क्ष-किरणचित्रातही तो दिसत नाही. १९९० च्या अमेरिकन निकषांत दाबून पाहावयाचे १८ बिंदू होते. २०१० मध्ये तेही वगळले गेले आणि रुग्णाच्या कथनाचे महत्त्व वाढले. येथे मज्जासंस्थाच वेदनेचे संदेश वाढवीत असते, असे आज मानले जाते. म्हणून सूज उतरविणाऱ्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी सहसा गुण येत नाही. अल्प मात्रेतील अमिट्रिप्टिलीन, ड्युलॉक्सेटीन किंवा प्रीगॅबलीन यांनी काही रुग्णांस आराम पडतो, सर्वांस नव्हे; ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. हळूहळू वाढविलेल्या नियमित व्यायामास याहून भक्कम आधार आहे.

डहाणू तालुक्यातील चारोटीसारख्या ठिकाणी रुग्णाची बोली वारली आणि डॉक्टरांची भाषा प्रमाण मराठी असू शकते. तेथे ‘अंग दुखते’ या वाक्यावर साधी वेदनाशामक गोळी मिळणे स्वाभाविक होय. दुखणे तीन महिन्यांहून जुने आहे काय, ते अंगात कोठकोठे आहे, झोपेनंतरही थकवा उरतो काय, हे विचारले व सांगितले गेले, तरच त्या वाक्याचा खरा अर्थ उलगडतो. योग्य औषधाचा शोध तेथून सुरू होतो.