ठिगळं लावलेला खेळ



घरात कुणी कॉम्प्युटरवर गेम खेळत असेल, भाऊ, मुलगी, नवरा किंवा तुम्ही स्वतः, तर एक गंमत तुमच्या लक्षात आली असेल. एकाच गेमबद्दल एक जण म्हणतो, ‘पैसे पाण्यात गेले.’ दुसरा म्हणतो, ‘असा गेम पुन्हा झाला नाही.’ दोघंही तो खेळलेले असतात आणि दोघंही शपथेवर सांगतात. मग खरं कुणाचं धरायचं?

आज आम्ही अशाच एका गेमची गोष्ट सांगणार आहोत. त्याचं नाव ‘व्हॅम्पायर: द मॅस्करेड – ब्लडलाइन्स’. अमेरिकेत तो १६ नोव्हेंबर २००४ रोजी बाजारात आला. वीस वर्षं उलटून गेली, तरी लोक तो खेळतात. कुणी नव्याने घ्यायला निघालं, की जुने खेळाडू आधी एकच सांगतात, ‘पॅच टाकल्याशिवाय सुरू करू नकोस.’ पॅच म्हणजे आपलं ठिगळ. विकत घेतलेल्या वस्तूला वापरायच्या आधीच ठिगळ लावायचं, आणि तरीही ती वस्तू जिवापाड आवडायची, हा काय प्रकार आहे ते पाहू.

आधी खेळाचा प्रकार समजून घेऊ. याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात, म्हणजे सोंग घ्यायचा खेळ. आपल्याकडे बहुरूपी दारात यायचा, कधी पोलीस होऊन, कधी डॉक्टर होऊन, आणि त्या सोंगाला शोभेल असंच बोलायचा. तसंच इथे. सुरुवातीला तुम्ही ठरवायचं की मी कोण. मग हाती आलेले थोडेसे गुण वाटायचे. ताकदीला किती, लपण्याला किती, कुलूप उघडण्याला किती, गोड बोलून काम काढण्याला किती. महिन्याच्या पगारासारखं आहे हे. एकीकडे जास्त घातले की दुसरीकडे ओढाताण. या वाटणीवरूनच पुढची गोष्ट तुमच्यासाठी कशी उलगडेल ते ठरतं.

ब्लडलाइन्समधलं सोंग रक्तपिपासू पिशाच्चाचं. गोष्ट घडते अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात. ही पिशाच्चं माणसांत लपून राहतात. आपण कोण आहोत हे माणसांना कळू द्यायचं नाही, हा त्यांचा कायदा. तो पाच वेळा मोडला की खेळ संपला. मुळात हा कागद-पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती बसून खेळायचा खेळ होता, १९९१ साली निघालेला. त्यावरून हा कॉम्प्युटरचा गेम बेतला. ऐकताना हे लहान मुलांचं भूतबीत वाटेल, पण ते तसं नाही. अमेरिकेत त्याला सतरा वर्षांवरच्यांसाठीचा शिक्का आहे आणि तो योग्यच आहे. रक्त आहे, हिंसा आहे, अंगचटीला येणारं बोलणं आहे. त्यातल्या बायकांना घातलेले कपडे पाहून आम्ही कपाळाला हात लावला, हेही सांगून टाकतो.

मग लोकांना आवडलं काय? सोंग खरंच सोंगासारखं निभावावं लागतं, हे. सुरुवातीला सात कुळांतलं एक निवडायचं असतं. नोस्फेराटू नावाचं कूळ इतकं विद्रूप, की माणसाच्या नजरेस पडलं तरी कायदा मोडतो. ते घेतलं तर शहरभर गटारांतून फिरावं लागतं. ज्या रस्त्यावरून दुसरा खेळाडू ऐटीत चालत जातो, तिथे तुम्ही अंधारातून लपतछपत जायचं. मॅल्केव्हियन नावाचं कूळ भ्रमिष्टांचं. ते निवडलं तर तुमच्या तोंडची सगळी वाक्यंच बदलतात. सगळं कोड्यात बोलणं. रस्त्यावरच्या ‘थांबा’च्या पाटीशीही हुज्जत होते. गंमत अशी की गोष्टीत पुढे काय होणार याचे धागे त्या बडबडीत असतात, पण पहिल्या खेपेला ते कळत नाहीत. म्हणून लोक गेम एकदा संपवून पुन्हा या कुळाने सुरू करतात.

लोक सगळ्यात जास्त आठवण काढतात ती एका पडक्या हॉटेलची. सांता मोनिका भागातलं ओशन हाउस हॉटेल. तिथे एकही शत्रू नाही, लढाई नाही. दिवे विझतात, भांडी उडतात, भिंतीमागे पावलं वाजतात. वर्तमानपत्राची कात्रणं आणि एका बाईची रोजनिशी वाचत वाचत तुम्हाला समजत जातं, की तिच्या नवऱ्याने त्या कुटुंबाचं काय केलं. तुमच्या हाताला फक्त तिच्या गळ्यातलं लॉकेट लागायचं असतं. बंदूक चालवून ज्यांचा हात बसलाय असे खेळाडूही सांगतात, की त्या जिन्यावर पाय उचलेना. तशाच एका क्लब चालवणाऱ्या दोन बहिणी आहेत, एक शिस्तीची, दुसरी नखरेल. त्यांच्या भांडणात तुम्हाला ओढलं जातं. शेवटी कोण उरतं हे तुमच्या बोलण्यावर ठरतं. नीट ऐकून, नेमकं बोललात तर दोघीही वाचतात. याहून जास्त सांगत नाही, कुणाला खेळायचं असेल तर मजा जाईल.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. बऱ्याच गेममध्ये जितके मारले तितके गुण मिळतात. इथे काम पुरं केल्याचे गुण मिळतात. बोलून केलं, चोरून केलं, लढून केलं, गुण कामाचे. त्यामुळे ज्यांना मारामारीत रस नाही त्यांनाही हा गेम आपला वाटला. त्यांनी गुण बोलण्यात घातले, लपण्यात घातले.

आणि इथेच पुढे घात झाला. गेमचा शेवटचा भाग घाईत उरकलाय हे कुणालाही कळतं. बोलायला माणसं कमी होत जातात, वाटा संपतात, आणि राहते ती लढाई. हॉलिवूडखालच्या गटारांचा एक लांबलचक टप्पा तर शिव्या खाण्यासाठीच प्रसिद्ध आहे. वीस-पंचवीस तास ज्या बाईने गोड बोलून, शब्दाला शब्द लावून वाट काढली, तिच्या हातात अचानक तलवार द्यायची आणि म्हणायचं, लढ. तिला ना ताकद ना सराव. आमच्या मते खेळाडूंची ही तक्रार सगळ्यात रास्त आहे, बगच्या तक्रारीपेक्षाही. बग म्हणजे चूक राहून जाणं. इथे खेळाने स्वतःच दिलेला शब्द फिरवला.

बगही काही कमी नव्हते. बग म्हणजे किडा. धान्यात एखादी कीड राहावी तशी प्रोग्राममध्ये राहिलेली चूक. माणसं हवेत अडकत, गेम मधेच बंद पडे, एका जागेतून दुसऱ्या जागेत जाताना चहा करून यावा इतका वेळ लागे. सगळ्यात वाईट म्हणजे गोष्ट बरीच पुढे गेल्यावर, नावेतून निघण्याच्या प्रसंगी गेम कोसळायचा, आणि पुढे जायला रस्ताच नसायचा. नोव्हेंबर २००४ मध्ये ज्याने पूर्ण किंमत मोजली, त्याच्या पदरात हे पडलं.

मग असं का झालं? गेम बनवणारी कंपनी छोटी होती, कॅलिफोर्नियातली ट्रॉइका गेम्स. टिम केन, लेनर्ड बोयार्स्की आणि जेसन अँडरसन या तिघांनी १९९८ साली काढलेली. १९९७ च्या ‘फॉलआउट’ या गाजलेल्या गेमवर त्यांनी काम केलं होतं. ट्रॉइकाचे आधीचे दोन गेमही असेच, डोक्यात मोठं काही असलेले आणि चुकांनी भरलेले. तिसऱ्या वेळी त्यांनी व्हॉल्व्ह कंपनीचं ‘सोर्स’ नावाचं इंजिन घेतलं. इंजिन म्हणजे ज्या पायावर गेम उभा राहतो ते. पण ते इंजिनच अजून तयार होत होतं. चूल लिंपून व्हायची आहे आणि तिच्यावरच लग्नाचा स्वयंपाक चढवलाय, असं समजा. शिवाय करार असा, की व्हॉल्व्हचा स्वतःचा ‘हाफ-लाइफ २’ बाजारात येईपर्यंत ट्रॉइकाने आपला गेम आणायचा नाही. शेवटी दोन्ही एकाच दिवशी आले. त्या वर्षी सगळं जग ज्याची वाट पाहत होतं, त्या गेमच्या शेजारी या बिचाऱ्याकडे कोण बघणार? खप झाला नाही. उरलेल्या मोजक्या माणसांनी दुरुस्तीचा एक अधिकृत पॅच काढला, आणि फेब्रुवारी २००५ मध्ये कंपनी बंद झाली. दुरुस्तीची जबाबदारी घेणारं कुणी उरलंच नाही.

इथून पुढची गोष्ट खेळाडूंची. गेम आवडलेल्या काहींनी स्वतःच फाईल उघडून चुका शोधायला सुरुवात केली. एकाने सुरू केलेलं हे काम लवकरच जर्मनीतल्या एका रसायनशास्त्रज्ञाने हातात घेतलं. हा गृहस्थ गेम बनवणारा नव्हे. आपली नोकरी सांभाळून तो वर्षानुवर्षं हे ठिगळकाम करत राहिला. कुठे संवाद चुकतोय, कुठे दार उघडत नाही, कुठे पायरीवरून माणूस खाली पडतो. लोकांनी कळवायचं, त्याने दुरुस्त करायचं, पुन्हा नवा पॅच काढायचा, फुकट. मूळ कंपनीला त्या गेमवर जितकी वर्षं मिळाली, त्याच्या कितीतरी पट वर्षं या माणसाने दिली.

आम्हाला इथे थोडं थांबावंसं वाटतं. गेम आजही पैसे घेऊन विकला जातो. २०१६ पासून एका दुकानात तर हा लोकांनी केलेला पॅच आधीच घालून मिळतो. म्हणजे विकण्याजोगी वस्तू राहिली ती बिनपगारी हातांमुळे, आणि गल्ल्यात पैसे जातात दुसऱ्याच्या. ‘आवडीने करतो ना, मग पैसे कशाला?’ हे वाक्य आपल्यातल्या किती जणींनी ऐकलंय! लोणच्याला, शिवणाला, आजाऱ्याच्या उशापायथ्याशी बसण्याला आवडच असते, पण म्हणून काम काम राहत नाही असं थोडंच आहे? खेळाडू त्या माणसाचं नाव आदराने घेतात, आभार मानतात. ते चांगलंच आहे. पण गेमची तारीफ करताना बरेच जण हे विसरतात की ते २००४ चा गेम वाखाणत नाहीत, दुरुस्त झालेला वाखाणताहेत. आणि पहिल्या दिवशी पैसे देऊन नाव बुडालेल्या माणसाचा राग या कौतुकाने खोटा ठरत नाही.

कंपनी जिवंत असेल, गाठीशी पैसा असेल तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी आला. नव्या, महागड्या कॉम्प्युटरवर तो बरा चाले, जुन्या गेमिंग यंत्रांवर मात हाल. आठवड्याभरात सोनीने आपल्या ऑनलाइन दुकानातून तो काढून टाकला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. कंपनी दुरुस्ती करत राहिली, सप्टेंबर २०२३ मध्ये मोठा बदल करून तो जवळजवळ नव्याने दिला, आणि शिव्या देणारेच कौतुक करू लागले. ट्रॉइकाला ती तीन वर्षं मिळाली नाहीत.

म्हणून कुणी अशा गेमबद्दल मत सांगू लागलं, की आम्ही विचारतो, ‘तू कधी खेळलास? कशावर? कुठपर्यंत पोचलास?’ ब्लडलाइन्सचा पहिला अर्धा भाग खेळून थांबलेल्याचं मत सोन्यासारखं असतं. शेवटपर्यंत गेलेला उसासा टाकून बोलतो. जुन्या सीडीवर, ठिगळाविना खेळलेला चिडलेला असतो. तिघांचीही मतं खरी, पण तिघांच्या हातात आलेला खेळ वेगळा.

आता कुणाला खेळून बघायचाच असेल तर दोन-चार कामाच्या गोष्टी. घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावर. खेळ जपून ठेवताना, म्हणजे सेव्ह करताना, दर वेळी जुन्यावरच करू नका, वेगवेगळ्या नावांनी ठेवा. एक बिघडला तर मागचा हाताशी राहतो. गुण सगळेच्या सगळे बोलण्यात घालू नका, थोडे लढाईसाठी राखून ठेवा, कारण शेवट तुम्हाला माहीत झालाच आहे. आणि पॅच टाकताना तो विचारेल, साधा हवा की ‘प्लस’? साध्यात फक्त चुका दुरुस्त होतात. प्लसमध्ये कंपनीने वेळेअभावी अर्धवट सोडलेल्या जागा, संवाद आणि कामं पुन्हा जोडली आहेत, आणि काही गोष्टी बदलल्याही आहेत. यावरून खेळाडूंमध्ये अजून भांडणं होतात. काहींना वाटतं हाच खरा पुरा गेम. काही म्हणतात, ठिगळ लावता लावता लुगडंच बदललं. पहिल्या खेपेला आम्ही साधाच घ्या म्हणू. दुसऱ्या खेपेला प्लस घेऊन, ते भ्रमिष्ट कूळ निवडून बघा.